दांपत्यकलह आणि बालपणीचा अनुबंध

"तुम्हाला एक फोन करायला होत नाही का?" "झालं, आल्या आल्या सुरू झालीस!" विरार लोकलने उशिरा परतणारा पती आणि वाट पाहून थकलेली पत्नी ह्यांच्यातील हा संवाद आपल्या घरांना अपरिचित नाही. ती आवाज चढवते, तो मुकाट्याने ओटीवर जाऊन बसतो. तो जितका मिटून जातो तितकी ती अधिक बोलते आणि ती जितकी बोलते तितका तो अधिक मिटतो. 'दोघांनी समजुतीने घ्यावे' असे वडीलधारी मंडळी सांगतात. सल्ला योग्यच आहे. परंतु नेमक्या त्या क्षणी तो दोघांनाही का पाळता येत नाही, ह्याचा उलगडा व्हायचा असेल तर आपल्याला पाळण्यापर्यंत मागे जावे लागेल.

मूल आईला बिलगते ते दुधासाठी, असा एके काळी शास्त्रज्ञांचा समज होता. लंडनचे मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी ह्यांनी त्याला आव्हान दिले. महायुद्धानंतर बेघर झालेल्या मुलांविषयी त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेला अहवाल १९५१ साली प्रसिद्ध झाला. आपल्या माणसाचे सान्निध्य ही मुलाची अन्नाइतकीच मूलभूत गरज आहे, हे त्यांचे सांगणे. त्या नात्याला आपण येथे 'अनुबंध' म्हणू या. त्यामागे शरीराचेही कारण आहे. धोक्याची चाहूल घेणारा मेंदूतील अमिग्डाला हा भाग फार लवकर कामाला लागतो; त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो. तान्ह्या मुलाला स्वतःला शांत करता येत नाही. ती शांती त्याला कुणाच्या तरी कुशीतून उसनी घ्यावी लागते.

बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ ह्यांनी आधी युगांडात आणि पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे माता व बालके ह्यांचे बारकाईने निरीक्षण केले. वर्षभराच्या मुलाला अनोळखी खोलीत थोडा वेळ सोडून आई बाहेर जाई व परत येई. काही मुले रडत, पण आईने उचलताच शांत होत. काही आईला घट्ट धरत, तिच्यावर रागावत आणि शांतच होत नसत. काही मुले मात्र आई आली काय, गेली काय, खेळण्यांकडेच पाहत राहत. ह्या तिसऱ्या मुलांना कुणीही 'गुणी बाळ' म्हटले असते. परंतु पुढील संशोधनात त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले, तेव्हा वरून शांत दिसणाऱ्या त्या बाळांचे काळीजही धडधडत असल्याचे आढळले.

आम्हाला ह्या साऱ्या विषयाचे मर्म येथेच दिसते. ओटीवर गप्प बसलेला पती बेफिकीर असेलच असे नाही. सिअ‍ॅटल येथे जॉन गॉटमन ह्यांनी भांडणाऱ्या जोडप्यांची नाडी मोजली. ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की माणसाला समोरच्याचे बोलणे नीट ग्रहणच करता येत नाही, असे त्यांचे निरीक्षण आहे. म्हणून ते निदान वीस मिनिटांच्या विरामाचा सल्ला देतात. (न सांगता निघून जाणे म्हणजे विराम नव्हे, 'थोड्या वेळाने बोलू या' एवढे सांगायलाच हवे.)

प्रौढांचे प्रेमही ह्याच अनुबंधाच्या वाटेने जाते, हा विचार सिंडी हझान व फिलिप शेव्हर ह्यांनी १९८७ मध्ये मांडला. त्याच दशकात कॅनडामध्ये स्यू जॉन्सन ह्यांनी लेस्ली ग्रीनबर्ग ह्यांच्यासमवेत भावनाकेंद्रित दांपत्योपचार विकसित केला. ह्यात समुपदेशक कोण बरोबर, कोण चूक ह्याचा निवाडा करीत बसत नाही. तो संवादाचा वेग कमी करतो आणि रागाच्या तळाशी असलेले बोलके करतो. मग पत्नी म्हणू शकते, "तुम्ही गप्प झालात की वाटतं, मी ह्या घरात कुणीच नाही." आणि पती म्हणतो, "तू बोलायला लागलीस की वाटतं, मी कितीही केलं तरी कमीच पडणार."

अशा बोलण्याने मेंदूत खरोखर काही बदलते काय? जेम्स कोन ह्यांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १६ विवाहित स्त्रियांना एमआरआय यंत्रात झोपवून, घोट्याला विजेचा सौम्य झटका बसू शकेल अशी सूचना दिली गेली. पतीचा हात हाती असता धोक्याला प्रतिसाद देणारे मेंदूचे भाग सर्वांत कमी उत्तेजित झाले. परक्याच्या हाताने थोडाच फरक पडला. ज्यांचे वैवाहिक जीवन अधिक समाधानी, त्यांना पतीच्या हाताचा आधारही अधिक. पुढे २०१३ मध्ये जॉन्सन व कोन ह्यांनी दुरावलेल्या जोडप्यांवर असाच प्रयोग केला. उपचारापूर्वी जोडीदाराच्या स्पर्शाने फारसा फरक पडत नव्हता. उपचारानंतर तोच स्पर्श मेंदूला शांत करू लागला.

हे प्रयोग लहान होते आणि त्यांत तपासला गेला तो स्त्रियांचा मेंदू, हे ध्यानात ठेवायला हवे. बालपण कष्टाचे गेले म्हणून संसार विसकटणारच, असाही अर्थ कुणी काढू नये. मायेला पारखी झालेली माणसेही विश्वासू सोबतीत पुढे स्थिरावतात, असे संशोधक सांगतात. आणि जेथे मारहाण चालू आहे, तेथे हा उपचार करू नये, असे स्वतः जॉन्सन ह्यांनीच स्पष्ट केले होते. तेथे पत्नीने मन उघडे करणे तिच्याच जिवावर बेतू शकते. तेथे पहिला प्रश्न तिच्या सुरक्षिततेचा.