बेसबॉलची मैदाने : खेळ तोच, अनुभव निराळा

क्रिकेटची खेळपट्टी सर्वत्र बावीस यार्डांची असते आणि सीमारेषा मैदानागणिक थोडीफार मागेपुढे होते, हे आपल्याला ठाऊक आहे. बेसबॉलमध्ये हा फरक फार पुढे गेलेला आहे. चार बेसचा आतला चौकोन सर्व व्यावसायिक मैदानांवर सारखाच असतो. एका बेसपासून दुसरा बेस 90 फुटांवर, तर चेंडू फेकणारा पिचर होम प्लेटपासून 60 फूट 6 इंचांवर. त्या चौकोनापलीकडे मैदान किती पसरावे, भिंत किती उंच असावी, ती सरळ असावी की वाकडी, हे मात्र बव्हंशी त्या त्या जागेनेच ठरवले आहे. त्यामुळे एका शहरात भिंतीवर आपटून परतणारा फटका दुसऱ्या शहरात थेट प्रेक्षकांत पडून होम रन, म्हणजे आपल्या भाषेत षटकार, ठरतो. तिसऱ्या शहरात तोच फटका सोपा झेल होतो.

अमेरिकेत मुलाबाळांकडे काही महिने राहायला जाणाऱ्या मराठी मंडळींना एखादा सामना पाहण्याचा योग अनेकदा येतो. प्रमुख साखळीतील प्रत्येक संघ एका हंगामात 162 सामने खेळतो, त्यामुळे वसंतापासून शरदापर्यंत कुठे ना कुठे रोज खेळ चालूच असतो. सामना समजून घ्यायचा असेल तर तो ज्या मैदानावर होत आहे, ते मैदान आधी समजून घेतलेले बरे.

रस्त्याने आखलेले मैदान

बॉस्टनचे फेनवे पार्क 1912 साली उघडले. प्रमुख साखळीतील ते आज सर्वांत जुने मैदान आहे. शहरातील रस्त्यांच्या बेचक्यात सापडलेल्या जमिनीवर ते बांधले गेले. डाव्या बाजूला लॅन्सडाउन स्ट्रीट आडवा आल्याने तिकडची भिंत होम प्लेटपासून जेमतेम 310 फुटांवर आली. अंतराची ही उणीव उंचीने भरून काढली गेली. सुमारे 37 फूट उंचीची ती हिरवी भिंत ‘ग्रीन मॉन्स्टर’ या नावाने ओळखली जाते. आभाळात उंच उडालेला साधा फटका तिच्यावरून पलीकडे जातो आणि जोरकस पण सपाट फटका तिच्यावर आदळून मैदानात परततो. भिंतीच्या पायथ्याशी धावफलक आहे आणि त्यावरचे आकडे आजही आत बसलेली माणसे हातांनी बदलतात. येथे काही आसने जुनी, लाकडी आणि अरुंद आहेत. काहींच्या पुढ्यात छताचा खांब येतो. गैरसोय उघड आहे. पण खेळाडू इतके जवळ असतात की चेंडू हातमोज्यात बसल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

शिकागोचे रिग्ली फील्ड 1914 सालचे. भोवती राहती घरे आहेत आणि त्यांच्या गच्च्यांवरूनही सामना पाहता येतो. बाहेरच्या विटांच्या भिंतीवर 1937 साली लावलेली वेल उन्हाळ्यात दाट होते. चेंडू तिच्यात अडकला तर फलंदाजाला दोन बेस मिळतात, असा तिथला स्थानिक नियमच आहे. मिशिगन सरोवर जवळ असल्याने वाऱ्याची दिशा हा तिथल्या बातमीचा विषय असतो. वारा बाहेर वाहत असेल तर धावांचा पाऊस पडतो, आत वाहत असेल तर पिचरची चंगळ होते. या मैदानावर दिवे लागले ते थेट 1988 साली. तोवर घरच्या संघाचे सगळे सामने दिवसाउजेडी होत.

बेसबॉलमध्ये प्रेक्षकांत आलेला चेंडू क्रिकेटसारखा परत द्यावा लागत नाही. तो झेलणाऱ्याचा होतो. म्हणून मुले हातमोजे घालूनच सामन्याला येतात. रिग्ली फील्डवर मात्र पाहुण्या संघाने मारलेल्या होम रनचा चेंडू मैदानात परत भिरकावून देण्याची रीत आहे. हाती आलेली मौल्यवान आठवण प्रतिस्पर्ध्याची म्हणून नाकारणे, हा त्या मैदानावरचा आनंद आहे.

वर्तुळाचा मोह आणि परतीची वाट

1960 च्या दशकात अमेरिकी शहरांनी वेगळी दिशा धरली. ह्यूस्टनचे ॲस्ट्रोडोम 1965 साली पूर्ण छताखाली उभे राहिले. छताच्या पारदर्शक तावदानांमुळे उंच उडालेला चेंडू खेळाडूंना दिसेना, म्हणून तावदानांना रंग दिला गेला. मग उजेडाअभावी गवत मेले आणि पुढच्याच वर्षी कृत्रिम हिरवळ अंथरावी लागली. एक अडचण सोडवताना दुसरी ओढवून घेण्याचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

याच काळात पिट्सबर्ग, सिनसिनाटी, फिलाडेल्फिया आदी शहरांत बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल या दोन्ही खेळांसाठी काँक्रीटची गोलाकार स्टेडियमे बांधली गेली. खर्चाच्या हिशेबात ही युक्ती शहाणपणाची वाटत होती. परंतु फुटबॉलचे मैदान आयताकृती असते आणि बेसबॉलचे पंख्यासारखे पसरणारे. दोहोंना सामावणारे वर्तुळ दोन्हीकडच्या प्रेक्षकांना खेळापासून दूर लोटते. शिवाय आत बसल्यावर आपण कोणत्या शहरात आहोत, याची काहीच खूण दिसत नसे.

याला उत्तर मिळाले ते बाल्टिमोरमध्ये. 1992 साली उघडलेल्या कॅम्डेन यार्ड्सच्या रचनाकारांनी रेल्वेचे जुने, विटांचे प्रचंड गोदाम पाडले नाही. उजव्या बाजूची पार्श्वभूमी म्हणून ते जपले. गोदाम आणि मैदान यांमधल्या रस्त्यावर जिथे जिथे होम रन पडले, तिथे पितळी खुणा बसवल्या आहेत. त्यानंतर बांधल्या गेलेल्या बहुतेक मैदानांनी हाच धडा गिरवला. पिट्सबर्गच्या नव्या मैदानातून ॲलेगेनी नदी आणि तिच्यावरचा पिवळा पूल दिसतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानात उजवीकडचा उत्तुंग फटका थेट खाडीच्या पाण्यात पडतो आणि तो टिपायला छोट्या होड्यांतून माणसे टपून असतात. तिथल्या उजव्या भिंतीला कमानी ठेवल्या आहेत. बाहेरून जाणाऱ्यांना तिकिटावाचून जाळीआडून काही वेळ खेळ पाहता येतो.

डेन्व्हरमध्ये फरक डोळ्यांना दिसत नाही, कारण तो हवेत आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे मैलभर उंचीवर वसले आहे. वरच्या मजल्यावरील आसनांची एक रांग जांभळ्या रंगाची आहे, ती बरोबर 5,280 फुटांवर, म्हणजे एक मैल उंचीवर येते. विरळ हवेत चेंडूला विरोध कमी होतो आणि तो अधिक लांब जातो. त्यावर उतारा म्हणून भिंती मागे नेल्या, तर मोकळी जागा वाढून साधे फटकेही निसटू लागले. 2002 पासून तिथे चेंडू नियंत्रित आर्द्रतेच्या खोलीत ठेवतात.

जपान : पाहणे नव्हे, गाणे

अमेरिकेतील प्रेक्षक खातो, गप्पा मारतो, मध्येच ओरडतो. सातव्या डावाच्या मध्यावर उभा राहून सर्वांसोबत एक जुने गाणे म्हणतो. जपानमध्ये गाणे सामनाभर चालते. आपला संघ फलंदाजी करत असताना संघटित समर्थक कर्णे, ढोल आणि घोषणांनी प्रत्येक फलंदाजाचे स्वतंत्र गीत गातात. प्रतिस्पर्धी फलंदाजीला आला की ते थांबतात आणि समोरच्यांची पाळी सुरू होते. पाठीवर बिअरची टाकी घेतलेल्या तरुणी पायऱ्या चढत-उतरत असतात.

निशिनोमियाचे कोशिएन मैदान 1924 सालचे. तिथला ऑगस्ट महिना शालेय बेसबॉलचा असतो. देशभरातील पात्रता फेऱ्यांतून 49 शाळांचे संघ येतात आणि एका पराभवात स्पर्धा संपते. तळपत्या उन्हात शाळेचा वाद्यवृंद, माजी विद्यार्थी आणि गावकरी यांनी चढती आसने भरून जातात. पराभूत मुले मैदानावरची काळी माती पिशवीत भरून घरी नेतात. 1958 साली अमेरिकी प्रशासनाखालील ओकिनावातून आलेल्या शुरी शाळेच्या संघानेही ती नेली. पण बाहेरची माती म्हणून परतीच्या बंदरावर रोगप्रतिबंधक नियमांखाली ती टाकून द्यावी लागली. एका मुठीएवढ्या मातीने ओकिनावाचे तेव्हाचे राजकीय वेगळेपण साऱ्या जपानला दाखवून दिले.

जमीन कोणाची, मैदान कोणाचे

या अनुभवांमागे जमिनीचा हिशेब असतो. लॉस एंजलिसचे डॉजर स्टेडियम 1962 साली उघडले. संध्याकाळी ताडांच्या झाडांमागे डोंगर जांभळे होत जातात, ते दृश्य पाहणाऱ्याला मोहवते. त्या टेकड्यांवर पूर्वी मुख्यत्वे मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांच्या तीन वस्त्या होत्या. सार्वजनिक घरबांधणीच्या नावाखाली त्यांची घरे घेतली गेली, ती योजना रद्द झाली आणि जमीन बेसबॉल संघाकडे गेली. उरलेल्या कुटुंबांना 1959 साली बळाने बाहेर काढण्यात आले. हा संघही ब्रुकलिनमधून आपल्या चाहत्यांना पोरके करूनच पश्चिमेला आला होता.

ओकलंडची कथा याहून ताजी आहे. तिथले कोलिझियम हे दुहेरी वापरासाठी बांधलेले, काँक्रीटचे, देखणेपणाचा दावा न करणारे मैदान. फुटबॉलसाठी 1996 साली उभारलेल्या उंच प्रेक्षागाराने टेकड्यांचे दृश्यही झाकून टाकले. मैदाने रचनेने तोलायची तर त्याचा क्रमांक तळाशीच लागेल. तरीही उजवीकडच्या स्वस्त आसनांवर ढोल वाजवणारे समर्थक हा तिथला खरा ठेवा होता. मालकाने संघ लास व्हेगासला नेण्याचे ठरवल्यावर 13 जून 2023 रोजी चाहत्यांनी बहिष्काराऐवजी मुद्दाम मैदान भरून निषेध केला. 26 सप्टेंबर 2024 रोजी तिथला शेवटचा सामना झाला. त्याला 46,889 प्रेक्षक होते. दुसऱ्या दिवसापासून ढोल वाजवायला जागा उरली नाही.

टोकियोच्या जिंगू मैदानावर, जिथे 1934 साली बेब रूथ खेळला, तिथेही पुनर्बांधणीची टांगती तलवार आहे. याच मैदानाच्या उतारावर बसून 1978 साली आपल्याला कादंबरी लिहिता येईल असे वाटल्याचे हारुकी मुराकामी यांनी सांगितले आहे. परिसरातील जुन्या झाडांसह हे मैदान हटवण्यास त्यांनी विरोध केला. संगीतकार र्युइची साकामोतो यांनीही मृत्यूपूर्वी टोकियोच्या राज्यपालांना पत्र लिहून पुनर्विकासाला हरकत घेतली.

नव्या मैदानांसाठी अमेरिकेत शहरांनी वारंवार करदात्यांचा पैसा ओतला आहे, आणि हा खर्च स्थानिक अर्थव्यवस्थेला क्वचितच फळतो, यावर बहुतेक अर्थतज्ज्ञांचे एकमत आहे. म्हणून मैदानांची तुलना करताना आसनाची गादी, पडद्याचा आकार आणि खाद्यपदार्थांची यादी एवढ्यावर थांबू नये. मैदानातून आपले शहर दिसते का, सामान्य मिळकतीच्या माणसाला कुटुंबासह वर्षातून चार वेळा तिथे जाणे परवडते का आणि मुलगा वडिलांसोबत जिथे बसला, तिथेच तो आपल्या मुलाला घेऊन बसू शकेल का, हेही विचारायला हवे. कमानी, विटा आणि वेली नव्याने उभारता येतात. ओकलंडला काँक्रीटच्या त्या वर्तुळात जे होते, ते मात्र कोणत्याही आराखड्यात मांडता आले नसते, आणि ते लास व्हेगासला नेताही येणार नाही.