जुन्या यंत्राची हमी

हमी घेणे म्हणजे पुढे येणाऱ्या बिघाडाची किंमत आधीच भरणे. यंत्र नवे असताना हे समजू शकते. आमचा काचेच्या नळीचा टी.व्ही. मात्र २००६ सालचा. त्याच्या ‘वाढीव हमी’साठी वडील दुकानदाराला दरवर्षी ९०० रुपये देत आले. करार इंग्रजीत, वडील चौथी शिकलेले. यंदा तो मी प्रथमच वाचला. (इंग्रजीत मला जेमतेम चाळीस गुण, तरी एवढे कळले.) ‘पिक्चर ट्यूब वगळून’, आणि पुढे ‘सुटे भाग उपलब्ध असल्यास’!

या संचात बिघडते तरी काय? नळीतला कॅथोड जुना झाला की चित्र फिके पडते; पण तशी नवी नळी आता दुकानात मिळत नाही. दुसरा भाग कपॅसिटर. त्यातला द्रव उष्णतेने वर्षानुवर्षे सुकत जातो आणि संच सुरूच होत नाही. हा भाग काही रुपयांचा. नाक्यावरचा मेकॅनिक डाख लावून तासाभरात बसवतो. म्हणजे महाग भाग हमीत नाही आणि स्वस्ताला हमीची गरज नाही. उरते ती मजुरी, तीही फार तर एकदोनदा.

वडील ऐकून घेत होते. मग उठले, ट्रंकेतून जुन्या कागदांचा गठ्ठा काढला आणि म्हणाले, “हेही वाच.”