आट्यांत दडलेले जिवाणू

ताक नेलेली बाटली आपण घासून धुतो, तरी दुसऱ्या दिवशी झाकण उघडताच आंबूस वास येतो. बाटली आतून स्वच्छ असते. वास येतो तो झाकणाच्या आट्यांतून. तिथे ब्रश पोचत नाही, ताकाचा अंश राहतो आणि जिवाणूंना तेवढा पुरतो.

हीच अडचण घरी बिअर बनवणाऱ्यांना येते. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरच्या वापरापुरती बिअर बनवण्यास केंद्रीय पातळीवर मुभा मिळाली आणि तिथे हा छंद वाढला. छंदिष्टांनी उपाय उचलला तो दूध उद्योगाकडून. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणे गुन्हा आहे. पण हेच जोड आपल्या दूध डेअऱ्यांत आणि औषध कारखान्यांतही असतात. म्हणून त्यांमागचे विज्ञान समजून घेऊ.

बिअरसाठी मॉल्टचा गोड रस सुमारे तासभर उकळतात, थंड करतात आणि मग त्यात यीस्ट घालतात. उकळीच्या भांड्याला आट्यांचा साधा नळ बहुधा चालतो, कारण पुढची उकळी बहुतेक जिवाणू मारते. थंड झालेल्या रसाला मात्र हे संरक्षण नसते. दर तासाला दुप्पट होणाऱ्या एका जिवाणूचे २४ तासांत सुमारे १ कोटी ६८ लाख होतात! पैसे मोजके असतील तर चांगले जोड थंड बाजूलाच लावावेत.

या जोडाला ट्राय-क्लॅम्प म्हणतात. दोन नळ्यांच्या टोकांना सपाट कडा असतात. मध्ये रबराची चकती, म्हणजे गॅस्केट, बसते आणि बाहेरून पकड आवळतात. आतून नळी सलग गुळगुळीत राहते, आटे नसतातच. धुण्यासाठी हाताने पकड सैल केली की सगळे सुटे होते. कडांची बाहेरची बाजू उतरती असल्याने पकड पाचरीसारखे काम करते: चाकी थोडी फिरवली तरी दाब खूप वाढतो. म्हणून ती हातानेच आवळावी. पान्याने आवळल्यास गॅस्केट आत फुगून येते आणि रस अडकायला नवी जागा तयार होते.

मापाची एक गंमत लक्षात ठेवावी. दीड इंची जोड म्हणजे नळीचा बाहेरचा व्यास दीड इंच. त्याच्या कडेचा व्यास मात्र ५०.५ मिलिमीटर असतो. एक इंची जोडाची कडाही तेवढीच असते! त्यामुळे दोन्ही एकमेकांना बसतात, गळतही नाहीत. पण आत पायरी राहते आणि तिच्याशी द्रव साचतो. न गळणारा जोड स्वच्छ असेलच असे नाही. गॅस्केटचे भोकही नळीच्या आतल्या व्यासाएवढेच हवे.

गॅस्केट कशाचे घ्यावे? ईपीडीएम रबर गरम पाणी आणि कॉस्टिक सोडा सोसते, पण स्निग्ध पदार्थांत फुगते. म्हणून साय किंवा लोण्यासाठी ते योग्य नाही. सिलिकोन उष्णता चांगली सोसते, पण त्यातून ऑक्सिजन झिरपतो आणि साठवलेल्या बिअरची चव बिघडते. टेफ्लॉनवर रसायनांचा परिणाम जवळजवळ होत नाही. मात्र दाबाखाली ते हळूहळू पसरते, म्हणून पकड पुन्हा आवळावी लागते.

आत काय चालले आहे हे पाहण्यासाठी जोडांमध्ये निरीक्षण काच बसवतात. ती निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली उष्णता: बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या सुमारे एकतृतीयांशच प्रसरण पावते, त्यामुळे गरम रसाने सहसा तडकत नाही. दुसरी दाब: १० सेंटिमीटर व्यासाच्या काचेवर दर चौरस सेंटिमीटरला १ किलो जादा दाब असेल, तर एकूण भार सुमारे ७८ किलो होतो. किण्वनात कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. बंद भांड्यात हा दाब सहज येतो. म्हणून काचेवर दाबाची मर्यादा लिहिलेली नसेल, तर ती दाबाच्या भांड्याला लावू नये आणि दाब सोडल्याशिवाय कोणतीही पकड उघडू नये. तिसरी प्रकाश: हॉप्समधील घटकांवर प्रकाश पडला की दुर्गंधी गंधकयुक्त संयुग बनते, म्हणून पाहून झाल्यावर काच झाकावी. दुधाची चवही उन्हाने बिघडते. दोन्हींत रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व प्रकाश शोषून अशा क्रियांना चालना देते.

पातळी दाखवणारी उभी काचनळी मात्र विचार करूनच घ्यावी. भांड्यातला रस उकळत असतानाही तिच्यातला रस जवळपास स्थिर आणि तुलनेने थंड राहतो.

वर्गात एक प्रयोग करता येईल. आट्यांचे पांढरे झाकण आणि गुळगुळीत पांढरी बशी यांवर भाताची पेज लावून वाळवा. दोन्ही वाहत्या पाण्याखाली दहा सेकंद धरा आणि मग त्यांवर पातळ आयोडीनचे थेंब टाका. निळा रंग कुठे उमटतो ते मुलांना पाहू द्या. झाकणाचा आकार कसा बदलला तर तो रंग दिसणार नाही, हे त्यांनाच चित्र काढून सुचवायला सांगा.