संगणकाच्या किल्ल्या कोणाच्या हाती?

साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ गावांतून एका दाखल्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी जावयाचे, म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज बुडतो. ग्रामपंचायतीत आपले सरकार सेवा केंद्राचा संगणक आल्यापासून ही पायपीट बऱ्याच अंशी वाचली आहे. मात्र या सोयीबरोबरच संगणकातील नोंदी निर्धोक राखण्याची जबाबदारीही गावावर येऊन पडली आहे.

दोष कोणता?

ज्याला कचेरीच्या ओसरीवर बसून अर्ज लिहिण्याची मुभा असते, त्याच्या हाती दप्तराच्या कपाटाची किल्ली नसते. संगणकातही अशीच व्यवस्था असते. सामान्य वापरकर्त्याला मर्यादित अधिकार असतात, तर प्रशासकाला संपूर्ण. ही विभागणी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारी मूळ आज्ञावली, सांभाळते. तिच्यात चूक राहिली तर सामान्य वापरकर्ता प्रशासकाचे अधिकार बळकावू शकतो. यासाठी आधी संगणकात शिरकाव झालेला असावा लागतो. म्हणून यास स्थानिक दोष म्हणतात. परंतु नाव स्थानिक असले तरी धोका लहान नाही. फसव्या टपालातून किंवा पेन ड्राइव्हमधून शिरलेल्या घातक आज्ञावलीला या एका चुकीमुळे सारे कपाट खुले होते.

एक बोलके उदाहरण

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममधील असा एक दोष क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी २५ जानेवारी २०२२ रोजी जाहीर केला. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली आहे. हा दोष ‘पीकेएक्झेक’ या छोट्या आज्ञावलीत मे २००९ पासून, म्हणजे बारा वर्षांहून अधिक काळ, दडून होता. ही आज्ञावली सामान्य वापरकर्त्याने सुरू केली तरी प्रशासकाच्या अधिकाराने चालते. तिच्याकडे सोपविलेली सूचनांची यादी कोरी असू शकेल, हे तिने गृहीतच धरले नव्हते. परिणामी यादी कोरी असता ती शेजारचा मजकूर वाचीत असे, आणि तो मजकूर वापरकर्त्याच्या ताब्यातील असे. जणू कारकुनाने अर्ज कोरा आहे हे न पाहता शेजारचा कागद उचलावा आणि त्यावर साहेबांचा शिक्का मारावा!

यावर दुरुस्त आवृत्ती बसविणे हाच खरा उपाय होता. जेथे ती तत्काळ बसविणे शक्य नव्हते, तेथे या आज्ञावलीची विशेष मुभा काढून घेणे हा तात्पुरता उपाय सुचविण्यात आला. विंडोज प्रणालीही अशा दोषांपासून मुक्त नाही. तिच्या छपाई सेवेतील गंभीर दोषासाठी ६ जुलै २०२१ रोजी नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर दुरुस्ती द्यावी लागली.

आपण काय करावे?

अधिकारांची विभागणी आवश्यक आहे; परंतु दुरुस्तीवाचून ती अपुरी पडते, हा या उदाहरणांचा बोध होय. यास्तव ग्रामपंचायती व शाळा यांनी पुढील शिस्त पाळावी :

१. आठवड्यातील एक दिवस ठरवून अद्ययावत दुरुस्त्या बसवाव्यात व संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज १० ची सर्वसाधारण मोफत दुरुस्तीसेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, हे ध्यानात ठेवावे.

२. दैनंदिन काम सामान्य खात्यातूनच करावे. प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असावे व बदली होताच ते बंद करावे. परवलीचा शब्द भिंतीवर लिहून ठेवू नये.

३. अनोळखी पेन ड्राइव्ह व चोरट्या प्रतीची आज्ञावली वापरू नये.

४. डिजिटल स्वाक्षरीचे साधन काम संपताच काढून कुलपात ठेवावे.

५. नोंदींची एक प्रत संगणकापासून अलग ठेवलेल्या डिस्कवर राखावी.

घातपाताचा संशय आल्यास तो लपवू नये. वरिष्ठांना त्वरित कळवावे. २००४ साली स्थापन झालेल्या ‘सर्ट-इन’ या राष्ट्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत तिला कळविणे आवश्यक आहे.

जन्माची नोंद, घराचा उतारा, लाभार्थ्याचे नाव हीच गरिबाच्या हक्काची कागदपत्रे होत. कपाटाला कुलूप लावण्याची सवय आपल्याला आहेच. तीच दक्षता आता संगणकाच्या बाबतीतही अंगी बाणली पाहिजे.