पुढचा शॉकअप गळतोय आणि ट्रिप आठ दिवसांवर आलीये

आजचा विषय जरा तेलकट आहे. मोठी राइड ठरलीये, सुट्टी मंजूर झालीये, आणि गाडी धुताना पुढच्या शॉकअपच्या पाइपवर तेल दिसतं. मित्र म्हणतात, ‘काही होत नाही रे, चल.’ गॅरेजवाले म्हणतात, ‘सील बदलून टाकू, संध्याकाळी घेऊन जा.’ माझं म्हणणं असं की सील जरूर बदला, पण ते गळलं का हे आधी शोधा. आमच्या कामात सर्व्हर पडला तर नुसता रीस्टार्ट करून भागत नाही. कारण सापडलं नाही तर तो रात्री तीन वाजता पुन्हा पडतो. शॉकअपचंही तसंच आहे, फक्त इथे रात्री तीनच्या ऐवजी घाटातलं वळण असतं.

आधी आत काय असतं ते बघू. नेहमीच्या फोर्कमध्ये एक चकचकीत क्रोमचा पाइप असतो, तो खालच्या जाड नळीत वर-खाली सरकतो. आत स्प्रिंग आणि तेल. स्प्रिंग धक्का झेलते, आणि तेल बारीक भोकांतून ये-जा करत स्प्रिंगची उसळी आवरतं. तेल कमी झालं की खड्ड्यानंतर गाडी डुलत राहते आणि ब्रेक मारला की पुढून खूप दबते. हे तेल आत ठेवायचं काम ऑइल सीलचं, म्हणजे आतल्या कडेला बारीक स्प्रिंग बसवलेल्या रबरी कड्याचं. त्याच्या वर डस्ट सील, धूळ अडवायला. रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ चं उदाहरण घ्या. पाइप ४१ मिलिमीटर जाडीचा आणि चाकाची वर-खाली हालचाल २०० मिलिमीटर. एवढा पाइप प्रत्येक खड्ड्याला त्या रबरावरून घासत जातो.

मग खरंच गळतंय का, हे कसं ओळखायचं? दोन्ही पाइप कापडाने कोरडे पुसा. पुढचा ब्रेक धरून हँडल दहा-पंधरा वेळा जोरात दाबा. पाइपवर नुसता ओलसर थर आला तर ठीक आहे, सीलला तेवढं वंगण लागतंच. पण तेलाची ठळक रेघ गोल उमटली किंवा ओघळ खाली आला, तर सील गळतंय. मग ओघळ कुठल्या बाजूला आहे ते बघा. एकच डिस्क असेल आणि गळती त्याच बाजूची असेल, तर तेल सरळ कॅलिपर आणि पॅडवर उतरतं. तेल लागलेला पुढचा ब्रेक घेऊन प्रवासाला निघायचं नाही, यात चर्चाच नाही. ड्यूकसारख्या उलट्या फोर्कमध्ये सील खालीच, चाकाजवळ असतं, त्यामुळे तिथे अजून सावध राहा.

गळण्याची नेहमीची कारणं तीन. पहिलं, सीलच्या कडेखाली वाळका चिखल किंवा वाळूचा कण अडकणं. दुसरं, क्रोमवर दगडाचा टवका किंवा गंजाचा खड्डा असणं. तिसरं, रबर जुनं होऊन कडक पडणं. गाडी कुठे आपटली असेल तर पाइप वाकलेला असू शकतो, तेही तपासून घ्या.

पहिल्या कारणावर घरगुती उपाय आहे. जुनी कॅमेऱ्याची निगेटिव्ह किंवा पातळ पण चिवट प्लॅस्टिकची पट्टी घ्या आणि एका टोकाला छोटा आकडा कापा. डस्ट सील अलगद वर सरकवा, पट्टी पाइप आणि ऑइल सीलच्या मधून खाली घाला आणि पाइपभोवती पूर्ण फिरवा. काळा गाळ बाहेर येतो. पुसा, हँडल दाबा, पुन्हा करा. स्क्रू ड्रायव्हर किंवा पत्रा अजिबात घालू नका, सीलची कड फाटली की मग बदलण्याशिवाय मार्ग नाही. हे करून गळती थांबली तरी लगेच खूश होऊ नका. ५०-६० किलोमीटर खराब रस्त्यावर फिरवा आणि पुन्हा पुसून बघा.

माझ्या गाडीत हेच झालं. मनाली-लेहसाठी निघायला आठ दिवस होते आणि गळती डाव्या बाजूला, डिस्कही तिकडेच. पट्टी फिरवली, दोन दिवस पाइप कोरडा. तिसऱ्या दिवशी ताम्हिणीत जाऊन आलो तर रेघ परत हजर. म्हणजे कारण फक्त घाणीचं नव्हतं. मग कापसाचा बोळा पाइपवरून हळूहळू खाली ओढत आणला. एका ठिकाणी कापसाचे तंतू अडकले. ज्वारीच्या दाण्याहूनही लहान टवका, डोळ्यांना नीट दिसतही नव्हता. तसंच नवीन सील बसवलं असतं, तर त्या टवक्याने तेही काही दिवसांत कापलं असतं. गॅरेजमधल्या दादांना जागा दाखवली. त्यांनी नख फिरवून बघितलं आणि म्हणाले, ‘वरवरचं आहे, निघेल.’ २००० नंबरच्या पॉलिश पेपरला तेल लावून त्यांनी वर आलेली धार मोडली. खड्डा खोल असता तर पाइपच बदलावा लागला असता, आणि मी ट्रिप पुढे ढकलली असती.

आता लेहसाठी एक वेगळी गोष्ट. फोर्कची वरची टोपी पुण्यात घट्ट केली की आत पुण्याची हवा कोंडली जाते. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर, बारालाचा ला ४,८०० मीटरच्याही वर. तिथे बाहेरचा हवेचा दाब पुण्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. आतला दाब मात्र फारसा उतरत नाही, त्यामुळे आतली हवा तेलाला आणि सीलला बाहेर ढकलते. म्हणून इथे ‘जरासंच’ गळणारं सील तिथे जास्त गळू शकतं. आणि केलाँगच्या पुढे लेहपर्यंत, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, तुमच्या मापाचं सील मिळेल ही आशा धरू नका.

सील बदलताना उभं राहून काही गोष्टी बघा. ऑइल सील आणि डस्ट सील दोन्ही बाजूंचे एकदमच बदला, तेलही दोन्हीकडे नवीन. तेलाचा ग्रेड आणि माप मॅन्युअलप्रमाणे, अंदाजाने नाही. तेल जास्त झालं तर आत हवेला जागा कमी उरते आणि दाब पुन्हा सीलवरच येतो. कॅलिपर काढला की तो नळीवर लोंबकळत ठेवू देऊ नका, तारेने बांधायला सांगा. नवीन सील पाइपवर चढवताना पाइपच्या टोकाला पातळ प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून वर तेल लावलं तर कड चिरत नाही. सील हातोडीने एका बाजूने ठोकायचं नाही, योग्य मापाच्या नळीने चारी बाजूंनी सारखं बसवायचं. चाक लावल्यावर, ॲक्सल आवळणारा खालचा बोल्ट घट्ट करण्याआधी, गाडी खाली घेऊन पुढून चार-पाच वेळा दाबायची. म्हणजे दोन्ही पाइप आपापल्या रेषेत येतात. नाहीतर ते अडून चालतात आणि नवीन सीलवर एकाच बाजूने घासतात.

पॅडवर तेल गेलं असेल तर पॅड नवीनच घाला. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसता येते, पण पॅड तेल पितात. घासून किंवा जाळून त्यांचा भरवसा परत येत नाही.

आता दिवसांचा हिशोब. आठ-दहा दिवस असतील तर शोधा, दुरुस्त करा आणि किमान १०० किलोमीटर चालवून मगच बॅग बांधा. तीनच दिवस असतील तर पट्टी फिरवण्यात वेळ घालवू नका, कापूस फिरवून पाइप तपासा आणि थेट सील बदला. आदल्या रात्री दिसलं आणि तेल डिस्कच्या बाजूचं असेल, तर सकाळी निघू नका. वाटेत गळायला लागलं तर सीलच्या खाली जाड कापड गुंडाळून झिप टायने बांधा, म्हणजे ओघळ कॅलिपरपर्यंत जात नाही. कापड चाकात किंवा डिस्कमध्ये अडकत नाही ना, ते हँडल दाबून बघा. पुढच्या गावापर्यंत हळू जायला हा उपाय पुरतो, गाटा लूप्सची २१ वळणं उतरायला नाही.

सील स्वस्त असतं, म्हणून आपण ते किरकोळ समजतो. पण त्याच्या खाली तुमचा पुढचा ब्रेक आहे, आणि उतारावर गाडी थांबवायचं बरंचसं काम तोच करतो.

तर आज रात्री पार्किंगमध्ये जा, पाइप पुसा आणि हँडल दहा वेळा दाबा. काय दिसलं ते मला व्हॉइस नोटवर सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!