आवडीचं म्हणजे गरम!

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या बचत गटाची महिन्याची बैठक आमच्याच ओसरीवर होती. हप्ते गोळा झाले, वह्या भरून झाल्या, आणि पाऊस असा लागला की कुणाला घरी जाता येईना. वेळ जायला म्हणून मी सहज म्हटलं, "चला, प्रत्येकीने सांगायचं, तुमच्या आवडीचं जेवण कुठलं?"

प्रश्न सोपा वाटला होता. पहिली म्हणाली, "आमच्या ह्यांना मटणाचा रस्सा लागतो, काळ्या मसाल्याचा." दुसरी म्हणाली, "पोरांना पावभाजी. रविवार आला की तेच." तिसरीने सासऱ्यांच्या पिठल्याचं सांगितलं, लसूण किती ठेचून घालायचा इथपर्यंत. मी म्हटलं, "अगं बायांनो, तुमचं विचारतेय!" तर सगळ्या एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. एकीलाही चटकन सांगता येईना. कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेल्या आजी मान वर न करताच म्हणाल्या, "आवडीचं म्हंजी काय गं पोरी? गरम आसंल ते."

हशा पिकला. मीही हसले. पण रात्री ओटा आवरताना ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. कारण थोड्या वेळापूर्वी मी जेवले होते ती गार भाकरी आणि पातेल्याच्या बुडाची आमटी. आणि त्याचं मला काही वाटलंसुद्धा नव्हतं!

मला कुणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून सांगितलं असतं, मऊ भात. तोही आंबेमोहराचा. पण त्या रात्री प्रामाणिकपणे विचार केला, तेव्हा वाटलं, आपल्याला तो भात आवडतो की तो पहिल्यांदा खाल्ला तो दिवस?

२००२ साली लग्न होऊन मी माणला आले. माण म्हटलं की आता लोकांना हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा आठवतो, काचेच्या इमारती आठवतात, नाहीतर तिथली वाहनांची कोंडी. मेट्रोचा डेपोही इथलाच. पण मी आले तेव्हा आमच्या मागच्या दारातून भाताची खाचरं दिसायची. मी तालुक्याच्या गावातली, बीए झालेली. आहेरात आलेलं कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' ट्रंकेत घालून आणलेलं. १९७० साली निघालेल्या त्या पुस्तकाने वाटी-चमच्याच्या मापाने कितीजणींना स्वयंपाकाला लावलं! आमच्या सासूबाईंना मात्र मापाची वाटी बघून हसू यायचं. त्यांचं माप म्हणजे त्यांची ओंजळ.

पुढच्या वर्षी आषाढात लावणी निघाली. "घरात एकटी बसून काय करतीस, चल," म्हणून मलाही नेलं. डोक्यावर इरलं, पोटरीपर्यंत चिखल आणि कमरेत वाकून दिवसभर रोपं लावायची. बांधावर बसून भाकरी, सुकटीची चटणी आणि हाताने फोडलेला कांदा खाल्ला, त्याची चव अजून आठवते. पण तीनच दिवसांत मी तापाने फणफणले. "बीए झाली, पर चिखलात टिकंना," असं सासूबाई शेजारणीला म्हणाल्या ते मी गोधडीतून ऐकलं. उशीत तोंड खुपसून रडले. माहेरची आठवण आली, आईच्या हातच्या सगळ्या पदार्थांची आठवण आली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मागचं दार वाजलं. सासूबाई शेतातून एकट्याच परत आल्या होत्या. इरलं भिंतीला टेकवलं, तशाच ओल्या लुगड्याने चुलीपुढे बसल्या. थोड्या वेळाने घरभर वास सुटला. ज्यांनी खरा आंबेमोहर शिजताना अनुभवलाय त्यांना तो वास सांगायला नको. आंब्याला मोहोर आल्यावर झाडाखालून जाताना येतो तसाच. मग माझ्यापुढे ताटली आली. मऊ, आसट भात, वर तूप, ताटलीच्या कडेला लिंबाच्या लोणच्याचा खार आणि निखाऱ्यावर भाजलेला पापड. "ऊठ. गरम हाय तवर खा. निवला की चव जाती."

एवढंच बोलल्या. कपाळावर हात ठेवला नाही की पाठीवरून फिरवला नाही. भिंतीला टेकून, माझी ताटली रिकामी होईपर्यंत नुसत्या बसून राहिल्या. पायाचा चिखल वाळून पांढरा झाला होता. मी शेवटचा घास घेतल्यावर पातेलं पुढ्यात ओढलं, तळाची खरवड उलथन्याने काढून उभ्याउभ्या खाल्ली आणि पुन्हा लावणीला निघून गेल्या.

आता थोडं त्या तांदळाविषयी. आंबेमोहर म्हणजे आमच्या मुळशी-मावळाचं जुनं भूषण. ज्या खोऱ्यातली जमीन धरणाखाली जाऊ नये म्हणून सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह उभा केला, ते खोरं याच तालुक्यातलं, भाताचंच. दाणा आखूड, शिजला की एकमेकाला धरून राहणारा. म्हणून पुलावाला उपयोगाचा नाही, पण बाळाच्या पहिल्या भाताला, आजाऱ्याला, म्हाताऱ्यांना यासारखा तांदूळ नाही. पण शेतकऱ्याला विचारा! उंच वाढतो, वाऱ्या-पावसात लोळतो, करपा पडतो आणि उतारा कमी. त्यामुळे वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये 'इंद्रायणी' आला तेव्हा लोकांनी तो उचलून धरला. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून झालेलं हे वाण. वास बराचसा आईचा आणि उतारा बापाचा, असं मी आपलं म्हणते. आणि दुकानातल्या 'आंबेमोहर' लिहिलेल्या पोत्यात दरवेळी आंबेमोहरच असतो, असं समजू नका. त्या नावाखाली दुसरेही बारीक तांदूळ खपतात. शिजवल्यावर वास आला नाही की समजायचं.

आमचीही बरीच जमीन गेली. ओढ्याकडेचं एक खाचर उरलंय. त्यात इंद्रायणी असतो आणि कडेच्या पट्ट्यात आंबेमोहर, घरापुरता. दरवर्षी आमचे हे म्हणतात, "परवडत नाही." दरवर्षी सासूबाई बी वेगळं काढून ठेवतात.

मऊ भाताला कृती अशी नाहीच. वाटीभर तांदूळ दोनदा हलक्या हाताने धुवायचे, पाच वाट्या पाणी आणि मीठ घालून जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचे. तांदूळ नवा असेल तर पाणी थोडं कमी. कुकरमध्ये होतो, पण वास शिटीवाटे निघून जातो, असं माझं मत. मधूनमधून ढवळायचं आणि शेवटी डावाच्या पाठीने घोटायचं. मेतकूट असेल तर उत्तमच.

त्या बैठकीनंतर एकदा भात निवडताना मी सासूबाईंना विचारलं, "आत्या, तुम्हाला कुणी असं गरम वाढलं का हो कधी?" त्यांनी बराच वेळ सुपातले खडे बघितले. "बाळंतपणात. आईनं," म्हणाल्या. "चार बाळंतपणं झाली. चार टायमाला." आणि मग हिशोब चुकल्यासारखं, "चौथ्याला आई नव्हती. तीनच."

मी गटाच्या कामासाठी वाड्यावस्त्यांवर फिरते. आरोग्य शिबिरात रक्त तपासायला बाया बसवते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षांच्या बायकांमध्ये निम्म्याहून जास्त जणींना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत दिसलं. त्याला कारणं पुष्कळ आहेत. पण सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं, भाजी संपली तर चटणीवर भागवायचं, हेही त्यातलं एक असणारच ना? आणि सगळा दोष घरच्यांना तरी कसा द्यायचा? आमचे हे चांगले म्हणतात, "तूही बस आमच्याबरोबर." मी बसते. पहिला घास घेतला की म्हणतात, "अगं, जरा पाणी."

तर गटात आम्ही एक ठरवलं. भिशीसारख्या चिठ्ठ्या टाकायच्या. दर महिन्याला एकीचं नाव. त्या दिवशी बाकीच्यांनी तिच्या घरी जाऊन स्वयंपाक करायचा आणि तिला पहिल्या पंगतीला बसवायचं. तिने चुलीकडे फिरकायचं नाही, "मी काही करू का" म्हणायचं नाही. नेमकी पहिली चिठ्ठी आजींची निघाली. काय करू विचारलं तर म्हणाल्या, "दात न्हाईत मला. भातच करा."

मी घरचा आंबेमोहर नेला. आजींना पाटावर बसवलं. सारख्या उठायला बघत होत्या, "पापड करपंल गं," म्हणत होत्या. त्यांचा मुलगा आणि नातवंडं दारात उभं राहून बघत होती. वाफाळता भात वाढला, तूप सोडलं. आजींनी बोटांनी कालवला, फुंकर मारून पहिला घास तोंडात घातला. आम्ही सगळ्या श्वास धरून बघतोय. आजींनी घास गिळला, माझ्याकडे बघितलं आणि अगदी सासऱ्याच्या थाटात म्हणाल्या,

"मीठ कमी हाय."

नातवंडं खिदळली, आम्ही पोट धरधरून हसलो. मी मिठाची वाटी पुढे केली. आजी हसल्या नाहीत. चिमूटभर घेतलं, पुन्हा कालवलं, चव बघितली आणि ताट पुढे सरकवलं.

"आता झाक झालं. वाढ आणखी."