हप्त्याची यादी आणि रात्रीचा फोन



सुरुवात एका चुकीपासून करते. चूक माझीच आहे.

गेल्या पावसाळ्यात महिनाअखेरीच्या अहवालाची घाई होती. रात्री साडेनऊला मी एका गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हप्ता राहिलेल्यांची यादी टाकली. नाव, रक्कम, किती महिने, सगळं. खाली लिहिलं, "उद्यापर्यंत भरा." आणि झोपून गेले. यादीतल्या एक काकी पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत. मला वाटलं, खुरपणी चालू असेल. घरी गेले तेव्हा कळलं, ग्रुपमधला नंबर त्यांच्या मुलाचा आहे. यादी आधी मुलाने वाचली, मग सुनेने. काकी म्हणाल्या, "पैसे पोळ्याच्या आधी भरणारच होते गं. पण सगळ्यांनी बघितलं ना. रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

हेच बैठकीत सतरंजीवर बसून बोललो असतो, तर कुणीतरी म्हणालं असतं, "अगं, तिच्याकडे दवाखाना चालू आहे." फोनवर नुसती यादी दिसते.  सगळ्यांनी वाचलं आणि कुणीच काही बोललं नाही, याचा अर्थ माणूस एकटाच लावत बसतो.

स्टेटसचंही तसंच आहे. नवा फ्रिज स्टेटसला येतो, त्याच घरातलं सोसायटीचं कर्ज येत नाही. आणि आपण आपलं अख्खं घर त्या एका फोटोशी तोलतो.

रात्री दहाला भांडी आवरली की फोन हातात येतो. दिवसातला तेवढाच आपला वेळ, त्यावरून कुणाला बोलणार नाही. पण मालिका संपते तरी, रील संपतच नाही. ती संपू नये अशीच बनवलेली असते. पुढची चांगली निघेल या आशेवर बोट सरकत राहतं आणि बारा वाजतात. पहाटे पाचला उठायचंच असतं. झोप कमी पडली की साधं बोलणंही टोचतं. मलाही हे पूर्ण जमलेलं नाही. चार्जर अंथरुणापासून लांब, स्वयंपाकघरात नेला, एवढंच.

त्या गटाने नंतर इतिवृत्त वहीत ठराव लिहिला. हप्त्याचं नाव ग्रुपवर टाकायचं नाही, सचिव ताई घरी जाऊन किंवा फोनवर बोलतील. रात्री नऊनंतर मेसेज नाही. फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकेल, अशी सोय सेटिंगमध्ये असते, ती त्यांनी चालू केली. त्यामुळे गुड मॉर्निंगची फुलं आपोआप थांबली (काहीजणी नाराज आहेत!). ज्यांना आवाजाचा त्रास होतो त्यांनी ग्रुप म्यूट करावा. 8 तास, आठवडाभर किंवा कायमचा करता येतो. मेसेज येतात, फोन वाजत नाही.

गावाने मिळून ठरवलं तर आणखी पुढे जाता येतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022 च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास महिलांच्या सभेत ठरलं आणि भोंगा बसवला. संध्याकाळी 7 ला तो वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. सुरुवातीला लोक ऐकेनात, तेव्हा आशा ताई, अंगणवाडी ताई घरोघर फिरल्या. आपल्या ग्रामसंघात हा विषय घ्यायला काय हरकत आहे?

आणि एक. फोन बाजूला ठेवूनही दोन-तीन आठवडे झोप येत नसेल, सारखं रडू येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो फक्त मोबाईलचा प्रश्न नाही. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, नंबर 14416. मोफत, 24 तास, मराठीत बोलता येतं. हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

काकी आता बैठकीला येतात. हप्ता पोळ्याच्या आधीच भरला. माझ्याशी मात्र अजून जरा तुटकच बोलतात.